नदीतला शिंपला आणि ट्रॅपमधला शिंपला: जीनस (जवळच्या जातींचा गट) एकच का?

वैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मी बँकेतला माणूस, जीवशास्त्र बारावीला सुटलं. पण नागपूर-छिंदवाडा पट्ट्यातल्या जीवाश्मांचा नाद जुना आहे, त्यातून पडलेला एक प्रश्न इथे टाकतो.

आपल्याकडच्या तलावांत, संथ नद्यांत जो लांबट, तळहाताएवढा, बाहेरून काळपट-हिरवा आणि आतून चकचकीत शिंपला मिळतो, तो लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. त्याच्या जोडीला जरा गोलसर, जाड कवचाचा असतो तो पॅरेसिया. इथवर भांडण नाही. पण दख्खनच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या काळ्या दगडात, दोन लाव्हांच्या मधे जे तळ्यांच्या गाळाचे थर अडकलेत, त्या इंटरट्रॅपियन थरांतल्या शिंपल्यांना जुन्या ग्रंथांत आणि संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांवर सरसकट 'युनिओ' म्हटलेलं दिसतं. युनिओ डेक्कनेन्सिस, युनिओ मालकमसोनाय, युनिओ हंटराय वगैरे.

युनिओ तर आज युरोप, पश्चिम आशिया आणि आफ्रिकेच्या काही भागांत राहतो. भारतात एकही नाही. मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो विदर्भात होता आणि नंतर गायब झाला, असं समजायचं? मला तरी हे पटत नाही. माझं मत: हे लॅमेलिडेन्सचेच पूर्वज आहेत, चिठ्ठी बदलायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. जाणकारांनी मत द्यावं.

कोकणी_काळोख
तिसऱ्यांचं सुकं या धाग्यात येणार असेल तर मी बसलोय.

गारगोटी
छान विषय. पण "कष्ट घेतले नाहीत" हे अन्यायाचं आहे. जुनी नावं कशी पडली ते आधी बघू.

युनिओ हे नाव १७८८ चं, फिलिप्सनने युरोपातल्या नदीतल्या शिंपल्यांसाठी दिलेलं. त्यानंतर शंभरेक वर्षं जगात कुठेही गोड्या पाण्यात दोन झडपांचा, आतून मोतिया चमक असलेला आणि बिजागरीला दात असलेला शिंपला सापडला की तो युनिओ. अमेरिकेतला युनिओ, चीनमधला युनिओ, गंगेतलाही युनिओ. तुमचा लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस १८१९ मध्ये लामार्कने लिहिला तो 'युनिओ मार्जिनॅलिस' म्हणूनच. पॅरेसिया कॉरुगाटा त्याहून जुना, १७७४ साली म्युलरने त्याला 'माया' या जीनसमध्ये घातलं होतं. माया म्हणजे समुद्रातल्या वाळूत राहणारा, याचा दूरचाच नातेवाईक.

लॅमेलिडेन्स हा वेगळा जीनस सिम्पसनने १९०० मध्ये केला, वॉशिंग्टनच्या संग्रहालयात बसून जगभरच्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची यादी लावताना. आता इंटरट्रॅपियनच्या तारखा बघा. युनिओ डेक्कनेन्सिसचं वर्णन १८४० चं. मालकमसनने आजच्या तेलंगणातल्या निर्मलकडच्या डोंगरांतून आणलेले नमुने सॉवरबीने वर्णिले. हंटराय, मालकमसोनाय ही नावं नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची, १८६० ची. म्हणजे या लोकांनी लिहिलं तेव्हा लॅमेलिडेन्स नावाचा खण कपाटात नव्हताच. त्यांच्या काळात 'युनिओ' याचा अर्थ "गोड्या पाण्यातला शिंपला, पुढचं पुढे बघू" एवढाच होता.

वैनगंगाकाठ
@गारगोटी, हे पटलं. पण मग माझा मुद्दा उलट पक्काच झाला ना? नाव जुन्या सवयीने पडलं, जिवंत नातेवाइकांची नावं बदलली, जीवाश्मांची राहिली. बदला आणि मोकळे व्हा.

शंखपुष्पी
बदला म्हणणं सोपं आहे हो काका. कशाच्या जोरावर बदलणार?

मी कवचधारी प्राण्यांवर काम करते (जिवंत, जीवाश्म नाही), म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

शिंपल्याचा जीनस कवचावरून ठरवताना मुख्यतः दोन गोष्टी बघतात. एक, बिजागरी. दोन झडपा जिथे जोडलेल्या असतात तिथे आतल्या बाजूला दात असतात. टोकाजवळ छोटे, ओबडधोबड, आणि मागच्या बाजूला लांब पट्टीसारखे. लॅमेलिडेन्समध्ये पुढचे दातसुद्धा चपटे, पात्यासारखे असतात. पॅरेसियात ते जाडजूड, फाटलेले. दुसरी गोष्ट म्हणजे कवचाच्या टोकावरची, अगदी पिल्लू असतानाची नक्षी. पॅरेसियात तिथे नागमोडी, व्ही आकाराच्या रेघा दिसतात. पण हा भाग नदीत घासून झिजतो. मोठ्या शिंपल्याचं टोक बहुतेक वेळा टक्कल पडलेलंच असतं.

आता जीवाश्माकडे या. कवच ॲरॅगोनाइटचं (चुन्याचं एक खनिज) असतं आणि ॲरॅगोनाइट गाळात फार टिकत नाही, विरघळतं. मागे राहतो तो आतला साचा, म्हणजे झडपांच्या पोकळीत भरलेला चिखल घट्ट होऊन झालेला दगड. त्यावर बाहेरचा आकार ढोबळ कळतो. दोन्ही झडपा बंद असतील तर बिजागरी दिसतच नाही. राहता राहिला आकार, आणि आकारावर विश्वास ठेवणं म्हणजे आगगाडीत टोपी बघून माणसाचं आडनाव सांगणं.

एकच जात संथ तळ्यात पातळ आणि फुगीर होते, वाहत्या पाण्यात जाड आणि बुटकी होते. फ्रान्समध्ये बूर्गिन्या नावाचे गृहस्थ आणि त्यांचे चेले होऊन गेले. त्यांनी युरोपातल्या अॅनोडोंटा आणि युनिओ यांच्या अशा फरकांना शेकडो जातींची नावं दिली. आज त्यातली बहुतेक सगळी मोजक्या जातींची टोपणनावं ठरली आहेत.

तळेगावकर_मामा
थोडक्यात, प्रत्येक तळ्याला एक जात आणि प्रत्येक जातीला एक पेपर. आमच्या विद्यापीठात अजून चालू आहे.

गारगोटी
+१ शंखपुष्पी. फक्त एक भर. सगळेच इंटरट्रॅपियन नमुने साचे नसतात. लाव्हामुळे पाण्यात सिलिका भरपूर, त्यामुळे काही ठिकाणी गाळाचा चर्ट (गारगोटीसारखा कडक दगड) झाला आणि कवचांच्या जागी सिलिका आली. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानची फळं-लाकडं त्यामुळेच इतकी बारकाईने टिकली. असा सिलिका झालेला शिंपला उघडा सापडला तर बिजागरी वाचता येते. पण गोगलगायींच्या मानाने शिंपले मुळातच कमी सापडतात. फायसा प्रिन्सेपाय ही गोगलगाय ढिगाने.

(आणि तीही आता फायसा राहिलेली नाही, तिला प्लॅटिफायसात टाकलंय. त्यामुळे "चिठ्ठ्या कुणी बदलत नाही" असंही नाही.)

पावसाळी_बेडूक
शिंपले कमी का? तळी तीच, पाणी तेच. गोगलगायी ढिगाने आणि शिंपले मोजके, याला काही कारण असणार ना.

शंखपुष्पी
@पावसाळी_बेडूक, उत्तर माशांमध्ये आहे.

गोगलगाय अंडी पाण्यातल्या गवताला चिकटवते. ते गवत एखाद्या पाणपक्ष्याच्या पायाला अडकलं की पुढच्या तळ्यात वसाहत तयार. या शिंपल्यांचं तसं नसतं. मादी आपल्या कल्ल्यांत अळ्या वाढवते आणि पाण्यात सोडते. त्या अळीला ग्लोकिडियम म्हणतात. ती माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटते, तिथे काही दिवस परजीवी म्हणून काढते, मग गळून तळाशी पडते आणि तिथून शिंपल्याचं आयुष्य सुरू होतं. मासा नाही तर पुढची पिढी नाही. शिवाय शिंपला वाढायला वर्षं लागतात, तोवर पाणी आटून चालत नाही.

म्हणजे लाव्हा येऊन सगळं झाकून गेला, त्यावर पुन्हा पाणी साचलं, तर आधी गोगलगायी येणार. शिंपले यायचे तर ते पाणी कुठल्यातरी नदीला जोडलेलं हवं, त्यात योग्य मासे हवेत, आणि ते टिकायला हवं. एखाद्या थरात मोठे, वयस्क शिंपले असले तर तिथे नुसतं डबकं नव्हतं, एवढं मी छातीठोक सांगेन.

पावसाळी_बेडूक
वा! हे कुठेच वाचलं नव्हतं. आणि मासे होते का तेव्हा?

गारगोटी
होते की. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या लॅमेटा थरांतून (ट्रॅपच्या खालचा गाळ) १९०८ मध्ये स्मिथ वुडवर्डने मासे वर्णिले. त्यात गार माशाचा नातेवाईक लेपिसोस्टियस इंडिकस आहे (चिलखतासारखे चकचकीत खवले, आजचे गार फक्त उत्तर आणि मध्य अमेरिकेत) आणि इओसेरॅनस हिस्लॉपाय आहे. हे शेवटचं नाव आपल्या हिस्लॉपच्याच स्मरणार्थ. इंटरट्रॅपियन थरांतही गारचे खवले मिळतात.

कोकणी_काळोख
मासे आले. आता तरी कुणीतरी वाटण लावा.

सातपुडा_सुधाकर
मी अजूनही वैनगंगाकाठ यांच्या बाजूने आहे. अडचण जीवाश्मांची आहे हे मान्य. पण भूगोल बघा ना! दख्खनचा लाव्हा वाहत होता तेव्हा भारत हे समुद्रात एकटं सरकणारं बेट होतं. युरोपातला युनिओ इथे येणार कसा? त्याला तर म्हणे मासा लागतो, आणि तो गोड्या पाण्यातला. म्हणजे इथे जे होते ते इथलेच, आणि आज इथलेच म्हणजे लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया. साधा हिशोब आहे.

शंखपुष्पी
सुधाकरराव, हिशोब साधा आहे म्हणूनच मला त्याची भीती वाटते. "आज इथे जे आहेत त्यांचेच पूर्वज तेव्हा इथे होते" हे गृहीतक आहे, पुरावा नव्हे. गार मासे तेव्हा इथे होते, आज नाहीत. शिंपल्यांची एखादी अख्खी शाखा तशीच संपलेली असू शकते.

आणि "दिसतं तसंच नातं" या विचाराचं काय होतं त्याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकात, सह्याद्रीतल्या तुंगा-भद्रेच्या पाण्यात एक विलक्षण शिंपला आहे: स्यूडोम्युलेरिया डाल्याय. तो कालवासारखा खडकाला कायमचा चिकटून राहतो. गोड्या पाण्यात असं करणारे जगात मोजकेच. आफ्रिकेत एथेरिया, दक्षिण अमेरिकेत कोलंबियात अकोस्टिया. भारतातला शिंपला १८९८ मध्ये स्मिथने वर्णिला तो थेट त्या दक्षिण अमेरिकी शिंपल्याच्या जीनसमध्ये घालून. त्यानंतर सगळी चिकटी मंडळी एकाच कुळात, एथेरिइडीत. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, तिन्हीकडे एकेक! गोंडवनाचा (दक्षिणेकडचे खंड एकत्र जोडलेले होते त्या जुन्या महाखंडाचा) याहून देखणा पुरावा कुठला, असंच सगळ्यांना वाटणार.

२००० मध्ये बोगन आणि होह यांनी डीएनए तपासला. आपला स्यूडोम्युलेरिया निघाला युनिओनिडी कुळातला, म्हणजे साध्या नदीतल्या शिंपल्यांचा भाऊबंद. खडकाला चिकटण्याची युक्ती वेगवेगळ्या घराण्यांनी आपापली शोधलेली होती. शंभर वर्षांचं देखणं गोंडवनी कुळ एका पेपरात विस्कटलं.

तळेगावकर_मामा
आमच्याकडे पण चिकटून राहणाऱ्यांचं एकच कुळ मानतात, फक्त ते खुर्चीला चिकटतात.

सातपुडा_सुधाकर
हाहा मामा. पण ताई, तुमच्याच उदाहरणाने माझा मुद्दा मेला नाही. स्यूडोम्युलेरिया शेवटी इथल्या लोकांचाच नातेवाईक निघाला ना? म्हणजे भूगोल जिंकला, आकार हरला. मी तेच म्हणतोय!

शंखपुष्पी
:) हे मात्र चांगलं पकडलंत. अर्धा गुण.

उरलेला अर्धा यासाठी कापला की डीएनएने भूगोलालाही एक गुगली टाकलीय. लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया आज पॅरेसिइनी या उपकुळात बसतात. व्हेलन, जिनेव्हा आणि ग्राफ यांनी २०११ मध्ये दाखवलं की आफ्रिकेतला सीलाट्यूरा, नाईल आणि तिथल्या मोठ्या सरोवरांतला, हाही याच उपकुळात येतो. खुद्द युनिओ मात्र दुसऱ्या उपकुळात. म्हणजे आपल्या तळ्यातल्या शिंपल्याला युरोपातल्या युनिओपेक्षा व्हिक्टोरिया सरोवरातला जवळचा. हे नातं भारत-आफ्रिका जोडलेले होते तेव्हाचं, की नंतर आशियामार्गे आल्या-गेल्याचं, यावर वाद आहे. तो वाद सोडवायला नेमके जीवाश्म हवेत आणि जीवाश्मांना तर बिजागरीच नाही. बसा आता.

मोती_उद्योग
धाग्याशी थेट संबंध नाही, पण लॅमेलिडेन्स म्हटलं की राहवत नाही. गोड्या पाण्यातल्या मोत्यांसाठी भुवनेश्वरच्या सीफा या सरकारी मत्स्यसंशोधन संस्थेत प्रशिक्षण देतात ते याच शिंपल्यांवर: लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, लॅमेलिडेन्स कोरिअॅनस आणि पॅरेसिया कॉरुगाटा. मी शेततळ्यात करून बघितलं. शिंपला उघडून आत केंद्रक (ज्याभोवती मोती बनतो तो मणी) बसवायचं काम नाजूक असतं, हात बसेपर्यंत बरेच मेले. ज्याने मला "महिन्याला लाखो कमवा" सांगून शिंपले विकले तो फोन उचलत नाही. कुणी करणार असाल तर आधी सरकारी संस्थेत शिका.

पण प्रश्न असा. माझ्याकडे एकाच खेपेत आलेल्या शिंपल्यांत मार्जिनॅलिस आणि कोरिअॅनस मिसळलेले असतात आणि मला ते धड ओळखता येत नाहीत. माझी नजर वाईट की यात काही आहे?

शंखपुष्पी
नजर ठीक आहे. लॅमेलिडेन्सच्या जाती कवचावरून वेगळ्या करणं तज्ज्ञांनाही जड जातं. आणि जीनसही स्थिर नाही. २०१७ मध्ये बोलोतोव्ह आणि मंडळींनी म्यानमारच्या नद्यांतले काही शिंपले डीएनए बघून वेगळे काढले, त्यांचा ट्रॅपेझिडेन्स असा नवा जीनस केला. जिवंत प्राणी हातात असताना ही गत. म्हणून इंटरट्रॅपियन थरातल्या साच्यावर "लॅमेलिडेन्स" लिहायला माझा हात धजत नाही.

बखरकार
मला शिंपल्यातलं कळत नाही, पण हिस्लॉपबद्दल थोडं. स्कॉटिश मिशनरी, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला नाव आहे ते यांचंच. सोबती रॉबर्ट हंटर, म्हणजे तुमचा 'युनिओ हंटराय'. नागपूरजवळच्या ताकळीला फिरायला गेलेले असताना ट्रॅपमधल्या या थरांकडे त्यांचं लक्ष गेलं. १८६० चा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला आणि नव्या जातींची वर्णनं लॅटिनमध्ये आहेत. त्यांच्या मते हे थर टर्शियरी, म्हणजे डायनासोरांनंतरचे.

१८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं बघून बोरीच्या मुक्कामी परतताना पुरात बुडून गेले. वय ४६ सुद्धा पूर्ण नव्हतं.

गारगोटी
बखरकारांनी वयाचा विषय काढला ते बरं झालं. हिस्लॉपने टर्शियरी म्हटलं, पण ताकळी, आसिफाबाद, नस्कल वगैरे ठिकाणी पुढे इगडाबॅटिससारख्या पाकट माशाचे दात आणि इतर सूक्ष्मजीवाश्म मिळाले आणि हे थर क्रिटेशियसच्या अगदी शेवटाचे ठरले. उलट छिंदवाड्याच्या झिलमिलीला समुद्री फोरॅमिनिफेरा (सूक्ष्म, कवचधारी एकपेशी जीव) मिळाले ते पॅलिओसीनच्या सुरुवातीचे. म्हणजे 'इंटरट्रॅपियन' हा एक थर नव्हे. काही थर डायनासोर असतानाचे, काही गेल्यानंतरचे. त्यामुळे "इंटरट्रॅपियन युनिओ" अशी एकच मोट बांधून तिला एकच जीनस देणं हेसुद्धा चूक. कुठल्या गावचा नमुना, ते आधी विचारायला हवं.

आणि हिस्लॉपचे मूळ नमुने लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. २००८ मध्ये हार्टमन आणि सहकाऱ्यांनी त्यांचा नव्याने मागोवा घेतला, लॅटिन वर्णनांसकट. तेव्हा कुणी कष्ट घेतले नाहीत असं खरंच नाही.

पावसाळी_बेडूक
मग लॅमेलिडेन्स म्हणून पक्के ओळखलेले जीवाश्म आहेत की नाहीत? की सगळंच "सांगता येत नाही"?

गारगोटी
आहेत. शिवालिकमध्ये. हिमालयाच्या पायथ्याचा नद्यांचा गाळ, मायोसीन ते प्लाइस्टोसीन, म्हणजे गेल्या दोनेक कोटी वर्षांतला. तिथे लॅमेलिडेन्स, पॅरेसिया दोन्हींची नोंद आहे, आणि ती कवचं कितीतरी चांगली टिकलेली. शिंपला दरवर्षी कवचावर थर चढवतो, त्यात त्या-त्या ऋतूतल्या पाण्याची खूण राहते. डेटमन आणि मंडळींनी २००१ मध्ये शिवालिकच्या शिंपल्यांतले आणि सस्तन प्राण्यांच्या दातांतले ऑक्सिजनचे समस्थानिक (वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजले आणि १ कोटी ७ लाख वर्षांपूर्वीही इथे कोरडा-ओला ऋतू जोरदार होता, म्हणजे मान्सून होता, असं दाखवलं. मला विचाराल तर नावावरून भांडण्यापेक्षा हा उपयोग थोर आहे.

अगदी अलीकडचं म्हणाल तर घोडनदीकाठच्या इनामगावच्या उत्खननातही नदीचे शिंपले मिळालेत. गोदावरी, प्रवरा, घोड यांच्या जुन्या गाळातल्या शिंपल्यांवर रेडिओकार्बन वयमापनही झालंय.

सातपुडा_सुधाकर
म्हणजे मधे पाच कोटी वर्षांची भलीमोठी रिकामी जागा, एका टोकाला साचे आणि दुसऱ्या टोकाला कवचं. ठीक आहे, मी "लॅमेलिडेन्सच" वरून "बहुधा पॅरेसिइनीपैकी कुणीतरी" इतका खाली आलो. यापेक्षा खाली येणार नाही.

शंखपुष्पी
तेवढं मला चालेल, "बहुधा" ठळक अक्षरात लिहिलंत तर.

वैनगंगाकाठ
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मग चिठ्ठीवर आज काय लिहावं? आमच्या इथल्या एका शाळेने छोटं दालन केलंय, तिथे दोन साचे आहेत, आणि मला मजकूर लिहायला सांगितलाय.

गारगोटी
'युनिओ' असं अवतरणात लिहा आणि पुढे जातीचं जुनं नाव. अवतरणाचा अर्थ: मूळ लेखकाने या जीनसमध्ये ठेवलं, आज तो मानला जात नाही, पक्की जागा ठरलेली नाही. पुराजीवशास्त्रात ही रूढ पद्धत आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावाचं नाव, नाला किंवा विहीर, कोणत्या थरातून, कुणी आणलं. जीनस पन्नास वर्षांनी बदलेल, नमुना कुठून आला हे तेव्हा कुणालाच सांगता येणार नाही.

शंखपुष्पी
आणि जातीचं नावही खात्री नसेल तर टाकू नका, "युनिओनिड शिंपल्याचा आतला साचा" हे पुरेसं आहे. शेजारी आजचा लॅमेलिडेन्स उघडा ठेवा, बिजागरी वर करून. मुलांना दातांवर बोट फिरवू द्या. फक्त मेलेला, रिकामा घ्या, तळ्यातून जिवंत काढू नका.

वैनगंगाकाठ
गावाचं नाव वहीत आहे, थराचं नाही. देणाऱ्या गुरुजींना विचारतो. ते आता अमरावतीला असतात.

मोती_उद्योग
रिकामे शिंपले हवे असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा. माझ्याकडे पोतंभर आहेत, का ते वर लिहिलंच आहे.

कोकणी_काळोख
एवढं वाचून झालं, आता सांगा: लॅमेलिडेन्स खातात का?

शंखपुष्पी
खातात, पूर्व भारतात बरेच ठिकाणी. पण शिंपला दिवसभर पाणी गाळत असतो, त्यामुळे शहराच्या खालच्या अंगाच्या नदीतला असेल तर कारखान्यांचं, गटाराचं काय काय त्याच्या अंगात साठलेलं असेल. तुम्ही आपल्या तिसऱ्याच खा.